पाँपेईचे संत बार्तोलो लोंगो यांचें अल्पचरित्र

ऑक्टोबर महिना उजाडला म्हणजे आपल्या देवळांत आणि घरोघर पवित्र माळेच्या प्रार्थनेला रंग चढतो. कित्येक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर एक तसबीर असते. देवमाता सिंहासनावर बसली आहे, मांडीवर बाळ येशू आहे. बाळ येशू संत दोमिनिकला माळ देत आहे आणि देवमाता सिएनाच्या संत कॅथरीनला. ही पाँपेईची माता होय. तसबीर पुष्कळांच्या ओळखीची आहे. परंतु ती ज्यानें जगाला दिली त्या माणसाची कथा थोड्यांनाच ठाऊक असेल. तो धर्मगुरु नव्हता, संन्यासी नव्हता. तो एक वकील होता, संसारी गृहस्थ होता, आणि ऐन तारुण्यांत ख्रिस्तसभेचा वैरीही होता.

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं आम्हीं त्याचेंच चरित्र निवडलें, त्यास कारण आहे. जुन्या करारांत परमेश्वरानें ज्युबिलीचें वर्ष नेमून दिलें, तें कांहीं नुसत्या मेजवान्यांसाठीं नव्हे. त्या पन्नासाव्या वर्षीं दास मोकळे होत, आणि कर्जापायीं हातची गेलेली जमीन मूळ धन्याच्या घराण्याकडे परत येई. मागचें ओझें खालीं ठेवण्याचें तें वर्ष होतें. ज्याच्या पाठीवर असें ओझें होतें, आणि तें उतरावयास ज्याला एक दिवस नव्हे तर अनेक वर्षें लागलीं, अशा एका माणसाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बार्तोलो लोंगो याचा जन्म १० फेब्रुवारी १८४१ रोजीं दक्षिण इटलींतील लातियानो या लहान गांवीं झाला. वडील डॉक्टर होते. आई आंतोनिना फार भाविक. माळेची प्रार्थना मुलाच्या ओठीं बसली ती तिच्यामुळें. बार्तोलो लहान असतांनाच त्याला फ्रांकाविल्ला येथें पियारिस्ट फादरांच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. मुलगा हुशार, खोडकर आणि संगीताचा शौकी निघाला. तो दहा वर्षांचा असतां, १८५१ मध्यें, वडील वारले. पुढें आईनें एका वकिलाशीं पुनर्विवाह केला. या बाळपणांत विशेष सांगण्यासारखें एवढेंच, कीं आईनें दिलेली माळ त्यानें पुढें टाकून दिली, तरी तिची आठवण टाकून देणें त्याला जमलें नाहीं.

१८६३ मध्यें तो कायद्याच्या अभ्यासासाठीं नेपल्सच्या विद्यापीठांत गेला. तो काळ कसा होता हें ध्यानांत घेतल्यावांचून त्या तरुणाला दोष देणें बरें नव्हे. इटलीचें नवें राज्य १८६१ मध्यें स्थापन झालें होतें. रोम शहर अद्याप पोप महाशयांकडे होतें, आणि तें घेण्यासाठीं देशभक्तांचे डोळे लागले होते. देशावर प्रेम करावयाचें म्हणजे पोपचा द्वेष करावयाचा, असें समीकरण विद्यार्थ्यांच्या डोक्यांत बसलें होतें. त्याच साली फ्रान्सांत रेनान याचें येशूचें चरित्र प्रसिद्ध झालें. त्यांत प्रभूचें ईश्वरत्व नाकारलें होतें, आणि तें पुस्तक शिकलेल्या लोकांच्या हातोहातीं गेलें. वर्गांत प्राध्यापक धर्माची टर उडवीत आणि मुलें टाळ्या पिटीत. खेड्यांतून आलेला, बाप नसलेला, बुद्धिमान आणि भावनाशील असा मुलगा या प्रवाहांत वाहून गेला यांत नवल नाहीं.

परंतु ज्याच्या हृदयांत देवाची जागा रिकामी होते, त्याला ती रिकामी ठेवतां येत नाहीं. त्या काळीं युरोपांत मृतांच्या आत्म्यांना बोलावण्याचें खूळ माजलें होतें. अंधारांत मेजाभोंवतीं बसावयाचें, माध्यम म्हणून एकानें गुंगींत जावयाचें, आणि परलोकांतून आलेली उत्तरें ऐकावयाचीं. बार्तोलो प्रथम कुतूहलानें गेला, मग स्वतःच माध्यम झाला, आणि शेवटीं त्या पंथांत एक प्रकारचा याजक बनला. या भागाचें वर्णन पुष्कळ चरित्रकार मोठ्या चवीनें करतात. आम्हांला तें आवडत नाहीं. अंधारांत काय दिसलें यापेक्षां त्या अंधारानें माणसाचें काय झालें हें महत्त्वाचें. कडक उपास आणि रात्रींचीं जागरणें यांनीं त्याची प्रकृति ढासळली, झोप उडाली, आणि मनावर असा काळोख पसरला कीं आपण वेडे होतों कीं काय अशी त्याला भीति वाटूं लागली. अशा स्थितींतही त्यानें १८६४ मध्यें कायद्याची पदवी मिळविली.

या गर्तेंतून त्याला ज्यानें ओढून काढलें तो कोणी मोठा उपदेशक नव्हता. व्हिन्चेन्झो पेपे नांवाचा त्याच्याच प्रांताकडचा एक प्राध्यापक होता. त्यानें आपल्या गांवच्या मुलाची दशा पाहिली आणि स्नेह्याच्या हक्कानें त्याला खडसावलें. एवढेंच नव्हे, तर त्याला दोमिनिकन धर्मगुरु आल्बेर्तो राडेन्ते यांच्याकडे जावयास लावलें. फादर राडेन्ते यांनीं घाई केली नाहीं. कित्येक दिवस ते त्या तरुणाचें ऐकत राहिले, त्याच्या शंकांना उत्तरें देत राहिले. १८६५ च्या जून महिन्यांत बार्तोलोनें पापांगीकार केला आणि पुन्हां ख्रिस्तशरीर स्वीकारलें. त्या अंधाऱ्या बैठकांचा त्यानें उघडपणें धिक्कार केला, आणि नेपल्सच्या असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत तो सेवेला जाऊं लागला. १८७१ मध्यें त्यानें संत दोमिनिकच्या तिसऱ्या संघांत प्रवेश केला. तेथें त्याला रोझारियो, म्हणजे माळेचा बंधु, असें नांव मिळालें.

येथें कथा संपावयास हवी होती, असें वाचकांना वाटेल. पाप झालें, पश्चात्ताप झाला, क्षमा मिळाली. परंतु ज्यांनीं आयुष्यांत कांहीं भोगलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं क्षमा एका क्षणांत मिळते आणि जखम भरावयास वर्षें लागतात. बार्तोलोच्या मनांत एक काटा रुतून राहिला होता. धर्मगुरूची दीक्षा एकदां मिळाली कीं ती कधीं पुसली जात नाहीं, असें ख्रिस्तसभा शिकविते. मग दुष्टाच्या सेवेसाठीं आपण जी दीक्षा घेतली तीही अशीच कायमची असेल काय? आपण पश्चात्ताप केला तरी त्याची मालकी आपल्यावर उरलीच असेल काय? कायदा शिकलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. करारपत्र फाडलें तरी करार उरतो, ही शंका वकिलाच्याच मनांत यावयाची.

या सुमारास नेपल्समध्यें त्याची ओळख कौंटेस मारियान्ना दे फुस्को यांच्याशीं झाली. त्या तरुण वयांतच विधवा झाल्या होत्या, पदरीं पांच मुलें होतीं, आणि पतीची इस्टेट सांभाळणारें विश्वासाचें माणूस नव्हतें. बार्तोलो त्या मुलांचे शिक्षक झाले आणि इस्टेटीचा कारभारही पाहूं लागले. यापुढें आम्ही त्यांचा उल्लेख आदरानें करणार आहों. कारण ज्या घरांत ते नोकरीसाठीं शिरले, त्याच घरानें त्यांना माणसांत आणलें. रोज पांच मुलांचे धडे घ्यावयाचे, त्यांचीं भांडणें सोडवावयाचीं, कुळांच्या खंडाचा हिशेब लिहावयाचा, यांत स्वतःच्या दुःखाला कुरवाळीत बसावयास फारसा वेळ मिळत नाहीं.

कौंटेसची कांहीं जमीन व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशीं पाँपेईच्या खोऱ्यांत होती. सन ७९ मध्यें राखेखालीं गाडलें गेलेलें प्राचीन शहर तें जवळच. तें पाहण्यास परदेशचे श्रीमंत लोक येत. परंतु खोऱ्यांत जे जिवंत लोक राहत त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. हिंवताप, दारिद्र्य, अक्षरशत्रुत्व, आणि वाटमाऱ्यांची भीति. देऊळ पडकें, आणि धर्माच्या नांवाखालीं जादूटोणा. ऑक्टोबर १८७२ मध्यें बार्तोलो तेथें खंडाच्या करारांसाठीं गेले. ९ तारखेला ते एकटेच शेतांतून चालत असतां तो जुना काटा पुन्हां सलला, आणि असा सलला कीं जीव द्यावा असें त्यांच्या मनांत आलें. त्याच वेळीं त्यांना आठवलें कीं जो माळेचा प्रसार करील तो तारला जाईल, असें देवमातेचें अभिवचन फादर राडेन्ते वारंवार सांगत असत. त्यांनीं तेथेंच हात वर करून नवस केला, कीं या खोऱ्यांत माळेची भक्ति रुजविल्याशिवाय आपण ही भूमि सोडणार नाहीं. इतक्यांत दूरच्या देवळांतून माध्यान्हीच्या आंजेलसची घंटा ऐकूं आली. ते गुडघे टेकून रडले, आणि उठले ते शांत होऊन.

या प्रसंगीं आकाशांतून कोणी प्रगट झालें नाहीं. बार्तोलोंना उत्तर मिळालें तें कामाच्या रूपानें. त्यांनीं त्या दिवसापासून पुढें चोपन्न वर्षें तें काम केलें.

आरंभ अगदीं लहान होता. शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन माळ वाटावयाची, मुलांना प्रार्थना शिकवावयाच्या, माळेच्या सणाला लोक जमवावे म्हणून खेळ आणि सोडत ठेवावयाची. माळेचा संघ स्थापावयाचा तर देवमातेची तसबीर हवी. तिच्यासाठीं ते १८७५ च्या नोव्हेंबरांत नेपल्सला गेले. पैसे थोडे होते. फादर राडेन्ते यांनीं पूर्वीं एका जुन्या बाजारांत ३ लिरा ४० सेंतेसिमीला घेतलेली एक तसबीर एका मठांत ठेवली होती. मठांतील सिस्टर कोन्चेत्ता ती देऊं लागल्या. तसबीर पाहून बार्तोलो खट्टू झाले. कॅनव्हास कसरीनें खाल्लेला, रंग उडालेला, चेहरे बेढब. घ्यावी कीं न घ्यावी असें त्यांना झालें. पण सिस्टरांनीं आग्रह केला आणि त्यांनीं ती घेतली. नेऊं कशी? पाँपेईकडे जाणारी एक गाडी होती, तींत शेतासाठीं खत भरलेलें होतें. त्या शेणखताच्या गाडीवर, चादरींत गुंडाळून, १३ नोव्हेंबर १८७५ रोजीं पाँपेईची माता आपल्या गांवीं आली. पुढें चित्रकारांनीं तसबीर दुरुस्त केली, आणि मूळच्या लीमाच्या संत रोझच्या जागीं सिएनाच्या संत कॅथरीन आल्या.

नोलाचे बिशप महाशय त्या प्रांतीं आले असतां त्यांनीं लहानशा वेदीवर समाधान न मानतां नवें देऊळच बांधावें असें सुचविलें. पैसा कोठून आणावयाचा? बार्तोलो आणि कौंटेस यांनीं दरमहा एक सोल्दो, म्हणजे अगदीं क्षुल्लक नाणें, देण्याची वर्गणी काढली, आणि नेपल्सच्या जिन्यांवरून चढउतार करून ती गोळा केली. ८ मे १८७६ रोजीं पायाचा दगड बसला. १८९१ च्या मे महिन्यांत देवळाचें अभिषेचन झालें, आणि १९०१ मध्यें त्याचा दर्शनी भाग पुरा होऊन तो सर्व जगाच्या शांतीला अर्पण करण्यांत आला. आपल्याकडचीं जुनीं देवळें मीठ विकून, भाजी विकून, मासळी विकून दिलेल्या आण्यापैशांतून उभीं राहिलीं, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सोल्दोचें मोल सांगावयास नको. देवळाबरोबर गांवही वाढला : मजुरांसाठीं घरें, छापखाना, तारघर, आगगाडीचें स्टेशन. १८८४ पासून बार्तोलोंनीं माळेविषयीं मासिक सुरू केलें. त्याच्या आदल्या साली त्यांनीं लिहिलेली पाँपेईच्या मातेची विनवणी आजही ८ मे आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार या दिवशीं भर दुपारीं म्हटली जाते.

परंतु लोकांच्या जिभेला हाड नसतें. एक विधवा कौंटेस आणि एक अविवाहित वकील एकत्र प्रवास करतात, एकाच कामांत असतात, एकाच घरीं राहतात. एवढें पुरें झालें. कुजबुज रोमपर्यंत पोंचली. पोप तेरावे लिओ यांनीं दोघांना विवाह करण्याचा सल्ला दिला, आणि एप्रिल १८८५ मध्यें त्यांचें लग्न झालें. त्या वेळीं बार्तोलो चव्वेचाळीस वर्षांचे होते, मारियान्ना अठ्ठेचाळीस. दोघांनीं बंधुभगिनीप्रमाणें ब्रह्मचर्यानें राहण्याचें ठरविलें, आणि तसे ते राहिले.

कित्येक लोक या विवाहाला केवळ नांवाचा विवाह म्हणतात. आमचें मत तसें नाहीं. ज्या घरांत पतिपत्नी एका छताखालीं जवळजवळ चाळीस वर्षें सुखदुःख वांटून घेतात, रोज संध्याकाळीं एकत्र माळ म्हणतात, आणि पोरक्यांना पोटच्या पोराप्रमाणें वाढवितात, तो संसार नव्हे तर काय? कौंटेसचा स्वभाव तापट होता आणि बार्तोलोंचाही मृदु नव्हता. त्यांच्यांत खटके उडत. पण ज्या माणसाला एके काळीं स्वतःच्याच मनाचें भय वाटे, त्याला आतां रोज घरीं परतावयास एक दार होतें.

१८८७ मध्यें त्यांनीं अनाथ मुलींसाठीं आश्रम उघडला. १८९२ मध्यें मात्र त्यांनीं जें केलें त्यानें सारी इटली चकित झाली. त्यांनीं कैद्यांच्या मुलग्यांसाठीं वसतिगृह काढलें.

या गोष्टीचें महत्त्व समजण्यासाठीं त्या काळचें शास्त्र थोडें सांगितलें पाहिजे. तुरीनचे प्रोफेसर चेझारे लोंब्रोझो यांनीं १८७६ मध्यें गुन्हेगार मनुष्य या विषयावर ग्रंथ लिहिला होता. कांहीं माणसें जन्मतःच गुन्हेगार असतात, त्यांचें पाप त्यांच्या कवटींत आणि रक्तांतच असतें, असें त्यांचें म्हणणें. या मतावरून लोक असा निष्कर्ष काढीत कीं खुन्याचा मुलगा खुनीच निघावयाचा. त्याला शिकविणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बार्तोलोंना या सिद्धांतांत आपलाच जुना काटा दिसला असेल असें आम्हांस वाटतें. मागचें झालें तें कधीं पुसलेंच जात नाहीं काय, हाच तो प्रश्न. फरक एवढाच कीं तो आतां निष्पाप लेंकरांच्या कपाळीं लिहिला जात होता.

त्यांनीं वाद घातला, लेख लिहिले. पण खरें उत्तर त्या मुलांनींच दिलें. ज्यांचे बाप खुनाबद्दल किंवा दरोड्याबद्दल जन्मठेपेवर गेलेले, अशीं मुलें रस्त्यावरून उचलून आणलीं. कोणी भुकेलेलें, कोणी चोरी शिकलेलें, कोणी आपल्या बापाचें नांवही न सांगणारें. त्यांना लिहिणेंवाचणें शिकविलें, सुतारकाम, शिंपीकाम, चांभारकाम, खिळे जुळविणें, पुस्तकें बांधणें हे उद्योग शिकविले; त्यांचा बँड उभा केला. देवळाचें मासिक याच मुलांच्या हातून छापून निघे. आणखी एक गोष्ट केली, ती आम्हांला सर्वांत मोठी वाटते : बापांशीं नातें तोडलें नाहीं. मुलें तुरुंगांत बापांना पत्रें लिहीत. ज्या बापाला जगानें फेकून दिलें होतें, त्याच्या हातीं मुलाचें सुबक अक्षर पडे, आणि दगडासारखे पुरुष तें वाचून विरघळत. अशा रीतीनें एका वसतिगृहानें मुलाला बापाच्या पापापासून मोकळें केलें आणि बापाला त्याच्या निराशेपासून. पुढें १९२२ मध्यें कैद्यांच्या मुलींसाठींही असेंच घर उघडलें.

सत्कार्य करणाराला विश्रांति मिळते असें नाहीं. इतका पैसा हातांतून जातो म्हटल्यावर संशय घेणारेही निघाले, आणि हिशेबाविषयीं आरोप पोप दहावे पियुस यांच्या कानीं गेले. बार्तोलोंनीं देऊळ पूर्वींच रोमच्या स्वाधीन केलें होतें. १९०६ मध्यें पतिपत्नींनीं उरलेल्या सर्व संस्थांचाही त्याग केला. ज्या गांवाची वीटन् वीट आपल्या डोळ्यांदेखत चढली, त्यांत साध्या चाकराप्रमाणें राहणें किती कठीण असेल! बार्तोलोंनीं तें केलें. पोप महाशयांचें मन त्यांच्याविषयीं पुढें निवळलें. पण अधिकार परत मागितला नाहीं, आणि ज्यांनीं आरोप केले त्यांच्याविषयीं मनांत अढी ठेवली नाहीं.

९ फेब्रुवारी १९२४ रोजीं कौंटेस मारियान्ना वारल्या. त्यानंतर वारसांशीं मतभेद होऊन बार्तोलोंना तें घर सोडावें लागलें, आणि ऐंशी उलटलेला तो म्हातारा आपल्या जन्मगांवीं, लातियानोला, जाऊन राहिला. संसारांत हें दुःखही यावयाचेंच. ज्या मुलांना त्यांनीं अक्षरें गिरवून दिलीं त्यांच्याच घराण्याचें दार त्यांना बंद झालें. तरी १९२५ मध्यें ते पाँपेईला परतले. ज्यांना बाप नव्हते किंवा जे बाप गजाआड होते, अशीं शेंकडों मुलें त्यांना बाबा म्हणत होतीं, आणि त्यांना तेथेंच मरावयाचें होतें.

शेवटच्या दुखण्यांत नेपल्सचे प्रसिद्ध डॉक्टर ज्युसेप्पे मोस्काती त्यांना पाहावयास येत. हेही पुढें संतपदाला पोंचले. ५ ऑक्टोबर १९२६ रोजीं, माळेच्याच महिन्यांत, बार्तोलो लोंगो यांनीं देह ठेवला. ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. २६ ऑक्टोबर १९८० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्य म्हणून घोषित केलें, आणि १९ ऑक्टोबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं रोममध्यें आणखी सहा जणांबरोबर त्यांना संतपद दिलें. त्यांचा देह पाँपेईच्या देवळांत आहे. वर मुख्य वेदीवर ती जुन्या बाजारांतली तसबीर आहे, आणि तिच्या भोंवतीं आतां सोनेरी चौकट आहे.